बेळ्ळंदूरमध्ये गाडी बाळगताना : पाणी, पासिंग आणि गॅरेज

बेळ्ळंदूर परिसरात गाडीवाल्याला दोन गोष्टी सर्वांत महागात पडतात. साचलेल्या पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करून पाहणे ही पहिली, आणि परराज्यातील पासिंगबाबत ऐकीव माहितीवर निर्णय घेणे ही दुसरी. क्लच, बॅटरी, उंदीर, खड्डे ही दुखणी रोजची असली, तरी त्यांचा खर्च बहुधा हजारांत राहतो. पहिल्या दोन चुकांचा लाखांत जाऊ शकतो. पुणे, कोल्हापूर, नाशिक, नागपूरहून नोकरीसाठी गाडीसह इथे आलेल्या मराठी कुटुंबांचे प्रश्नही फिरून फिरून याच दोन ठिकाणी येतात. म्हणून पुढील मजकुरात त्यांना जागा जास्त दिली आहे.

पाणी नेमके कधी आणि कुठे साचते

बेळ्ळंदूर तलाव हा बेंगळुरूतील सर्वांत मोठा तलाव. शहराच्या मोठ्या भागातील पावसाचे पाणी आणि सांडपाणी राजकालुव्यांतून, म्हणजे जुन्या पावसाळी नाल्यांतून, इथे उतरते आणि पुढे वर्तुर तलावाकडे जाते. नाले अरुंद झाले, काही ठिकाणी त्यांवर बांधकामे झाली. त्यामुळे जोराचा पाऊस झाला की पाणी रस्त्यावर येते. ५ सप्टेंबर २०२२ रोजी शहरात २४ तासांत १३० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. इकोस्पेस टेक पार्कसमोरचा आउटर रिंग रोड, यमलूर, सर्जापूर रोडवरील रेनबो ड्राइव्ह वसाहत असे भाग पाण्याखाली गेले. लोकांना ट्रॅक्टर आणि बोटींतून बाहेर काढावे लागले आणि तळघरांतील पार्किंगमध्ये महागड्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या.

महाराष्ट्रातून आलेल्यांचा अंदाज इथे चुकतो तो महिन्यांच्या बाबतीत. मुंबई-पुण्याच्या सवयीने जून-जुलैत काळजी घेतली जाते आणि गणपती आटोपले की पावसाळा संपला असे धरले जाते. बेंगळुरूत मात्र सर्वाधिक पाऊस साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडतो, आणि मेमधील वळवाच्या सरीही तासाभरात रस्ता बुडवू शकतात. विम्याचे नूतनीकरण, वायपर, टायर, तळघरातील पार्किंगची सोय यांचा विचार या वेळापत्रकानुसार करावा.

पाण्यातून गाडी न्यावी की नाही

पाणी चाकाच्या निम्म्या उंचीपर्यंत असेल, साचलेले असेल आणि पुढची वाहने सरळ जाताना दिसत असतील, तर पहिल्या गिअरमध्ये, एकाच संथ वेगाने, मध्ये न थांबता जावे. वेगाने गेल्यास बोनेटसमोर लाट उठते आणि तेच पाणी हवेच्या नळीतून इंजिनात शिरते. समोरून बस किंवा टँकर येत असेल, तर तो जाऊ द्यावा. त्याने उठवलेली लाट छोट्या गाडीच्या बोनेटवर चढते. पाण्याबाहेर आल्यावर थोडे अंतर हलका ब्रेक दाबत जावे, म्हणजे ब्रेक कोरडे होतात.

पाणी त्याहून खोल असेल, वाहते असेल किंवा तळ दिसत नसेल, तर परत फिरावे. मेट्रोच्या निळ्या मार्गिकेच्या कामामुळे आउटर रिंग रोडवर रस्त्याची कड आणि सखलपणा दोन्ही बदलत राहतात. कालचा ओळखीचा रस्ता आजही तसाच असेल हे गृहीत धरू नये. पणत्तूरच्या रेल्वे पुलाखालच्या रस्त्यासारख्या जागा पावसात टाळाव्यातच. मे २०२३ मध्ये शहरातील के. आर. सर्कलच्या अंडरपासमध्ये पाण्यात गाडी अडकून एका तरुणीचा जीव गेला. अंडरपासमध्ये पाणी दिसले तर उशीर झाला तरी वळसा घ्यावा. गाडी अडकलीच आणि पाणी चढू लागले, तर विजेवरच्या काचा चालू आहेत तोवर त्या खाली कराव्यात, सर्वांनी बाहेर पडावे आणि ११२ वर फोन करावा. गाडीचा विचार नंतर.

इंजिन बंद पडले तर पहिल्या तासात

इथे सर्वांत मोठी चूक होते. गाडी बंद पडते, मागून हॉर्न सुरू होतात आणि हात आपोआप स्टार्टरकडे जातो. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असताना स्टार्टर मारला की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो. तोंड बंद केलेल्या सिरिंजमध्ये हवा असेल तर दट्ट्या थोडा तरी दाबला जातो, पाणी असेल तर जागचा हलत नाही. इंजिनात तेच होते आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गॅरेजमध्ये याला हायड्रोलॉक म्हणतात. पाणी शिरून नुसते बंद पडलेले इंजिन बऱ्याचदा साफसफाई, ऑइल आणि फिल्टर बदलून सावरते. रॉड वाकल्यावर इंजिन उतरवावेच लागते.

म्हणून क्रम असा ठेवावा:

- स्टार्टर मारू नये, एकदाही नाही. इग्निशन बंद करावे. पुश-बटण गाडीत स्टार्ट-स्टॉप प्रणालीने इंजिन आपोआप सुरू होणार नाही याची खात्री करावी.
- शक्य असेल तर गिअर न्यूट्रल करून गाडी ढकलत उंच जागी घ्यावी.
- पाण्याची पातळी, नंबर प्लेट आणि आजूबाजूचा रस्ता एकत्र दिसेल असे फोटो व व्हिडिओ काढावेत. पाणी ओसरल्यावर हा पुरावा पुन्हा मिळत नाही.
- सुरक्षितपणे करता येत असेल तरच बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. विजेवर चालणाऱ्या किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी केबलींना हात लावू नये आणि तपासणीपूर्वी चार्जिंगही करू नये.
- विमा कंपनीला त्याच ठिकाणाहून कळवून दाव्याचा क्रमांक घ्यावा.
- गाडी फ्लॅटबेडवरूनच न्यावी. ऑटोमॅटिक गाडी चाके रस्त्यावर फिरत ठेवून ओढली, तर इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही जाऊ शकतो.

तळघरात उभी असताना बुडालेल्या गाडीलाही हाच नियम लागू आहे. पाणी उपसले गेले, गाडी वरून कोरडी दिसते, म्हणून सुरू करून पाहण्याचा मोह होतो. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसले किंवा एअर फिल्टर ओला लागला, तर पाणी आत गेले आहे. आणि या दोन्ही खुणा दिसल्या नाहीत, तरी मेकॅनिकने पाहिल्याशिवाय किल्ली फिरवू नये.

विमा काय देतो, काय देत नाही

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचे नुकसान मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्यात पूर हा मान्य धोका आहे, त्यामुळे सीट, वायरिंग, इलेक्ट्रॉनिक भाग, साफसफाई यांचा खर्च अटींनुसार मिळतो. अडते ते इंजिनापाशी. पाण्यात बंद पडल्यानंतर स्टार्टर मारल्याने झालेले नुकसान हे परिणामी नुकसान ठरवून कंपन्या नाकारतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचे जादा संरक्षण घ्यावे लागते, आणि ते साधारणपणे पॉलिसी घेताना किंवा नूतनीकरणाच्या वेळीच मिळते. बेळ्ळंदूरसारख्या सखल भागात राहणाऱ्याने जे काही जादा संरक्षण घ्यायचे, त्यात याचा क्रमांक पहिला असावा. सुट्या भागांचा घसारा न कापणाऱ्या झिरो डेप्रिसिएशनपेक्षाही आधी. अर्थात इंजिन प्रोटेक्टमध्येही अटी असतात, त्या पॉलिसीच्या कागदात वाचाव्यात, एजंटच्या तोंडून ऐकून सोडू नयेत.

विमा कंपनीचा सर्व्हेअर येण्याआधी गॅरेजने काही उघडू नये. नेहमीच्या पॉलिसीत बिलातून ठरावीक कपात होतेच: १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये, त्यापुढे २,००० रुपये, शिवाय प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांहून अधिक गेला, तर गाडी टोटल लॉस धरली जाते. नूतनीकरणाच्या वेळी हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली आणून घेणाऱ्यांचे नुकसान इथे उघड होते.

छोट्या ओरखड्यासाठी दावा करावा का, हा वेगळा हिशेब आहे. नो क्लेम बोनस पहिल्या वर्षी २० टक्के आणि पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत जातो. दावा केला की तो शून्यावर येतो. बंपरच्या ४,००० रुपयांच्या रंगकामासाठी ५० टक्के बोनस घालवणे क्वचितच परवडते. पॉलिसी संपून ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही तरीही बोनस जातो. गाडी विकली तरी बोनस मालकाचाच राहतो आणि नव्या गाडीला लावता येतो. शोरूमवाले हे आपणहून सांगतीलच असे नाही.

एमएच पासिंगची गाडी : ३० दिवस की १२ महिने?

सर्वाधिक गोंधळ याच प्रश्नावर आहे आणि त्याला कारणही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४७ नुसार, एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. कर्नाटकाने २०१४ मध्ये आपल्या करकायद्यात दुरुस्ती करून ३० दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या परराज्यातील गाड्यांवर आजीवन कर लावला. त्या काळात रस्त्यावर तपासणी, जप्ती, वाद असे सगळे झाले. २०१६ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द ठरवली. पण "तीस दिवस" हा आकडा लोकांच्या तोंडी राहिला तो राहिलाच. त्यात भर म्हणजे कलम ४९ मध्येही ३० दिवस आहेत, पण ते पत्ता बदलल्याचे कळवण्यासाठी. नव्या नोंदणीसाठी नव्हे.

व्यवहारात याचा अर्थ काय, तो असा.

१२ महिन्यांच्या आत परत जायचे असेल, तर पासिंग बदलण्याची गरज नाही. मात्र गाडी कर्नाटकात केव्हा आली याचा पुरावा जवळ असावा. फास्टॅगच्या टोलनोंदी, भाडेकरार, नोकरीचे रुजू पत्र, महाराष्ट्रातील सर्व्हिसिंगचे बिल यांपैकी दोन-तीन कागद मोबाइलमध्ये ठेवावेत. दर सहा महिन्यांनी गावी जाऊन आल्याने मुदत नव्याने सुरू होते, असा समज आहे. त्याच्या भरवशावर वर्षानुवर्षे राहणे धोक्याचे.

वर्षाहून जास्त राहायचे नक्की असेल, तर पुनर्नोंदणी करावी लागते. आणि दर दोन-तीन वर्षांनी राज्य बदलणारी नोकरी असेल, तर बीएच (भारत) मालिकेचा, म्हणजे राज्य बदलले तरी पुनर्नोंदणी न लागणाऱ्या क्रमांकाचा, विचार करावा, त्याविषयी पुढे.

पुनर्नोंदणी : क्रम आणि पैसे

कर्नाटकात खासगी गाडीचा आजीवन कर किमतीनुसार आहे: ५ लाखांपर्यंत १३ टक्के, ५ ते १० लाख १४ टक्के, १० ते २० लाख १७ टक्के आणि त्यावर १८ टक्के, शिवाय या करावर ११ टक्के उपकर. ८ लाखांच्या नव्या पेट्रोल गाडीचा कर १ लाख १२ हजार आणि उपकर धरून १ लाख २४ हजार ३२० रुपये होतो. जुनी गाडी असेल तर तिच्या वयानुसार ही रक्कम टप्प्याटप्प्याने कमी होते. गाडी जितकी नवी, तितका कर जास्त. म्हणून काही वेळा जुनी गाडी महाराष्ट्रात विकून इथे केए पासिंगची सेकंड-हँड गाडी घेणे स्वस्त पडते. आकडेमोड केल्याशिवाय यावर मत बनवू नये.

महाराष्ट्रात भरलेल्या करातील उरलेल्या काळाचा भाग परत मागता येतो, पण आधी कर्नाटकात पूर्ण कर भरून नवी नोंदणी दाखवावी लागते. परताव्याचे पैसे हाताशी धरून कर भरण्याचे नियोजन करू नये. ते यायला वेळ लागतो आणि पाठपुरावा मालकालाच करावा लागतो.

कामाचा क्रम:

१. वाहन पोर्टलवर गाडीची थकीत चलने, बँकेचा बोजा, विमा आणि पीयूसी तपासावे. चलन थकलेले असेल तर काम अडते. महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडची पाहावीत.

२. कर्ज चालू असेल तर बँकेचे ना हरकत पत्र घ्यावे. कर्ज फिटले असूनही आरसीवर बोजा राहिला असेल, तर फॉर्म ३५ देऊन तो आधी उतरवावा. हे काम पुढे ढकललेले लोक इथे हमखास अडकतात.

३. मूळ आरटीओकडे फॉर्म २८ भरून त्यांची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) मागावी. ती ज्या आरटीओच्या नावे असते तिथेच चालते. बेळ्ळंदूरच्या रस्त्यांवर केए-०१, केए-५१, केए-५३ अशा सगळ्या पाट्या दिसतात, म्हणून शेजाऱ्याच्या पाटीवरून कार्यालय ठरवू नये. आपल्या पत्त्याच्या पिनकोडवरून ते पाहून मगच अर्ज करावा. चुकीच्या आरटीओच्या नावे एनओसी आली, तर ती रद्द करून घेण्याचा वेगळाच फेरा सुरू होतो.

४. इथल्या आरटीओत फॉर्म २७ सह अर्ज, पत्त्याचा पुरावा, गाडीची तपासणी, कराचा भरणा.

५. नवा क्रमांक मिळाल्यावर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवणे, विमा पॉलिसीवर नवा क्रमांक चढवणे, फास्टॅग बदलणे आणि शेवटी मूळ आरटीओकडे कर परताव्याचा अर्ज.

पाचव्या टप्प्यातील विम्याचे काम सर्वांत जास्त विसरले जाते. आणखी एक बारीक मुद्दा: विम्याच्या दरपत्रकात पुणे, मुंबई आणि बेंगळुरू झोन ए मध्ये आहेत, तर कोल्हापूर, नाशिक, नागपूर झोन बी मध्ये. म्हणजे कोल्हापूर पासिंगची गाडी केए झाली की स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईच्या भागाचा हप्ता किंचित वाढतो. फार नाही, पण बिल पाहून दचकू नये.

एजंट नेमावा का? वेळ नसेल तर नेमावा. पण कर आणि शुल्क ऑनलाइन आपल्याच खात्यातून भरावे, पावती आपल्या नावाची घ्यावी, आणि एजंटची मजुरी वेगळी ठरवावी. "सगळे मिळून इतके" असा ठोक आकडा सांगणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा, की त्यात कर किती?

बीएच मालिका कोणासाठी

बीएच मालिका १५ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाली. संरक्षण दले, केंद्र व राज्य सरकारे, सार्वजनिक उपक्रम यांचे कर्मचारी आणि ज्या खासगी कंपन्यांची कार्यालये चार किंवा अधिक राज्यांत आहेत त्यांचे कर्मचारी तिला पात्र आहेत. खासगी नोकरदाराला कंपनीकडून फॉर्म ६० मध्ये प्रमाणपत्र लागते. कर एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो, मुदत चुकली तर दिवसागणिक दंड आहे. डिसेंबर २०२२ मधील नियमबदलानंतर आधीच नोंदलेली गाडीही बीएचमध्ये बदलता येते.

खासगी नोकरदारांना बीएच क्रमांक देण्यावरून कर्नाटकात वाद झाला आणि तो उच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणून इथे अर्ज करण्यापूर्वी आरटीओची सध्याची भूमिका तपासून घ्यावी. गाडी अजून महाराष्ट्रात असेल आणि बदलीचे पत्र हातात पडले असेल, तर निघण्यापूर्वीच तिथे प्रयत्न करणे अधिक सोपे. दहा-बारा वर्षे एकाच शहरात राहणाऱ्याला मात्र बीएचचा फायदा नाही.

रस्त्यात गाडी अडवली तर

डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधील आरसी, लायसन्स आणि विमा ग्राह्य आहेत. मूळ कागद गाडीत ठेवण्याची सक्ती नाही. पीयूसी महाराष्ट्रातील असले तरी मुदतीत असेपर्यंत चालते. विमा नसताना पहिल्यांदा पकडले गेल्यास २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड आहे.

कराची मागणी झाली तर ती लेखी मागावी आणि गाडी केव्हा आणली याचे पुरावे दाखवावेत. गाडी ताब्यात घेतलीच, तर जप्तीचा मेमो घेतल्याशिवाय जागा सोडू नये. वाद घालण्याऐवजी कागद मागणे जास्त उपयोगी पडते. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये, हे सांगायला नको. तरी घाईत दिले जातात.

कॅमेऱ्याने आलेले चलन चुकीचे वाटत असेल, म्हणजे गाडी त्या दिवशी दुसरीकडे होती किंवा फोटोतली गाडीच वेगळी आहे, तर पैसे भरण्याआधी वाहतूक पोलिसांकडे हरकत नोंदवावी. भरल्यानंतर भांडणे कठीण. आधी फोटो उघडून पाहावा; क्रमांकातील एखादे अक्षर चुकीचे वाचले गेल्याची उदाहरणे असतात. दंडात सवलत कधीतरी मिळेल, अशी आशा लावून काही जण चलने साठवतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये थकीत चलनांवर ५० टक्के सूट मिळाली होती, हे खरे. पण मध्ये गाडी विकायची किंवा एनओसी घ्यायची वेळ आली, तर सगळी रक्कम एकदम भरावी लागते.

किरकोळ धडक

इब्बलूरच्या चौकात किंवा सर्जापूर रोडवर बंपरला बंपर लागणे नवे नाही. कोणाला दुखापत असेल तर वैद्यकीय मदत आणि पोलीस यांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. दुखापत नसेल तर दोन्ही गाड्यांचे क्रमांकासह फोटो काढून रस्ता मोकळा करावा. मुद्दाम धडक घडवून पैसे उकळण्याचे प्रकार शहरात झाले आहेत. समोरचे चार जण गाडीला वेढा घालत असतील, तर काच खाली न करता, दार न उघडता ११२ ला फोन करावा. डॅशकॅम असला की असे प्रसंग लवकर मिटतात. त्यावर केलेला खर्च वाया जात नाही.

रेंगाळत्या ट्रॅफिकमुळे होणारे आजार

सिल्क बोर्ड ते मारतहळ्ळी या पट्ट्यात सकाळ-संध्याकाळ गाडी चालण्यापेक्षा सरकते. क्लच इथे लवकर जातो, कारण हाफ क्लचवर गाडी तोलून धरण्याची सवय. समोर दोन गाड्यांची जागा होईपर्यंत थांबून मगच सरकावे. न्यूट्रल करून क्लचवरून पाय काढावा. इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, चढावर जळका वास येतो, ही क्लच प्लेट संपत आल्याची लक्षणे. हा झीज होणारा भाग असल्याने वॉरंटीत सहसा बसत नाही. नव्या गाडीच्या मालकांना हे पहिल्यांदा काउंटरवरच कळते.

घरून काम करणाऱ्यांच्या गाड्यांची बॅटरी उतरते. आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी चालवावी. उभ्या जागी दहा मिनिटे इंजिन चालू ठेवून पुरेसे चार्जिंग होत नाही. डॅशकॅम पार्किंग मोडवर असेल तर बॅटरी आणखी लवकर उतरते.

तळघरातील पार्किंगचे दोन उपद्रव असतात. उंदीर वायरिंग कुरतडतात. गाडीत खाऊ ठेवू नये, गाडी फार दिवस एका जागी उभी करू नये, खालच्या मोकळ्या भागांना जाळी लावून घ्यावी. कुरतडलेले वायरिंग विम्यात धरले जाते का, हे कंपनीनुसार बदलते, म्हणून पॉलिसी घेतानाच विचारावे. दुसरा उपद्रव म्हणजे स्लॅबमधून ठिबकणारे पाणी. काँक्रीटमधला चुना घेऊन आलेले ते पाणी रंगावर पांढरे डाग पाडते आणि डाग जुने झाले की नुसत्या धुण्याने जात नाहीत. जागा बदलून मागावी आणि गळतीची तक्रार सोसायटीकडे लेखी करावी. पुढे भरपाईची भाषा करायची वेळ आली, तर तारीख असलेला ईमेलच कामी येतो.

खड्ड्यात चाक आदळल्यावर टायरच्या बाजूवर फुगवटा दिसला, तर तो टायर बदलावाच. त्यावर दुरुस्ती नाही. स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागले तर अलाइनमेंट तपासावी. खड्ड्याची तक्रार करायची तर सप्टेंबर २०२५ पासून बीबीएमपी या जुन्या महापालिकेच्या जागी ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण आणि त्याखाली पाच महापालिका आल्या आहेत, हे लक्षात ठेवावे. बेळ्ळंदूर पूर्व महापालिकेच्या हद्दीत येते.

गॅरेजमध्ये फसवणूक टाळण्यासाठी

गाडी देताना जॉबकार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. "जनरल चेक-अप" असे लिहिलेले चालवून घेऊ नये, कारण पुढे काय करायचे ठरले होते हे त्यातून सिद्ध होत नाही. किलोमीटर, इंधनाची पातळी, आधीचे ओरखडे यांचे फोटो घ्यावेत. अंदाजपत्रक लेखी मागावे आणि त्यापेक्षा खर्च वाढणार असेल तर आधी मेसेजवर संमती घेण्याची अट घालावी. बदललेले जुने भाग परत मागावेत. एसीची साफसफाई, इंजिन कोटिंग, डिकार्बनायझिंग अशी कामे नको असतील तर स्पष्ट नाही म्हणावे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये नसलेले काम सक्तीचे नसते.

बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले की वॉरंटी संपली, असे सरसकट सांगितले जाते. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि दुरुस्तीची बाजारपेठ अडवल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता आणि अशा सरसकट अटींवरही आक्षेप घेतला होता. दंडाविरुद्ध अपिले झाली. ग्राहकाच्या दृष्टीने सुरक्षित मार्ग असा: वॉरंटीच्या काळात सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणी, टायर-बॅटरी-अलाइनमेंट-पंक्चर हवे तिथे, आणि बाहेरच्या प्रत्येक कामाचे जीएसटी बिल जपून. वॉरंटी नाकारली गेली तर कोणत्या अटीमुळे, हे लेखी मागावे.

तक्रार कुठे करावी

गॅरेज किंवा डीलरविरुद्ध आधी कंपनीच्या ग्राहकसेवेला ईमेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. अनेक प्रकरणे या टप्प्यावरच सुटतात. न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथेही तक्रार दाखल करता येते. म्हणजे गाडी पुण्यात घेतली असली तरी बेंगळुरूतून लढता येते. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे जातात, आणि मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून करता येतो, वकील सक्तीचा नाही.

विम्याचा दावा नाकारला गेला, तर नकाराचे कारण पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली आहे हे लेखी घ्यावे आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला उत्तर द्यावे. विमा नियामकाची हेल्पलाइन १५५२५५ आहे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर विमा लोकपालाकडे जावे. बेंगळुरूचे कार्यालय जे. पी. नगरमधील जीवन सौध इमारतीत आहे. ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे विनाशुल्क ऐकले जातात. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि तोच वाद ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात चालू असेल तर लोकपाल तो घेत नाही. त्यामुळे रक्कम मोठी नसेल आणि कागद स्पष्ट असतील, तर आधी लोकपाल, नंतर गरज पडल्यास आयोग, हा क्रम सोयीचा पडतो.